सुभाषच्या कार्डावरचा जयेश

माझ्या दारावर पाटी नाही. लोक म्हणतात, आप्पा, एवढी वर्षं चौकशीचं काम करता, 'गुप्तहेर' अशी एक पाटी लावा की. मी म्हणतो, दारावर लिहिल्यावर गुप्त काय राहिलं? आमच्या कोन गावच्या नाक्यावर कोणालाही विचारा, चौकशीवाले आप्पा कुठं राहतात. तो तुम्हाला घरापर्यंत आणून सोडेल आणि वाटेत तुम्ही कोणाची चौकशी करायला आलात तेही काढून घेईल. ही सवय गावाला माझ्यामुळे लागली की मला गावामुळे, ते सांगता येत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं भिवंडीत कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर गेलो, तिथंच केस पांढरे व्हायला लागले. आमच्या शेठच्या कारखान्यातून सूत चोरीला जायचं. शेठनं गेटवर झडती ठेवली, कुलपं बदलली, काही उपयोग नाही. मी आठवडाभर गप बसून बघितलं. एका कारीगराचा जेवणाचा डबा येताना हलका आणि जाताना जड. बस, एवढंच. शेठनं चार शेठांना सांगितलं, त्यांनी दहांना, आणि माझं लूम सुटलं.

लोकांना वाटतं या कामात काळा चष्मा लागतो, कॅमेरा लागतो. मला बूड लागलं. न्हाव्याकडे बसायचं, किराणा दुकानाच्या बाकड्यावर बसायचं, इस्त्रीवाल्याच्या हातगाडीशी उभं राहायचं. आणि एक गोष्ट मी स्वतः शोधून काढली, ती कोणी शिकवली नाही. प्रश्न विचारायचाच नाही. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो. चुकीचं बोलायचं. चुकीचं बोललं की समोरचा दुरुस्त करायला तोंड उघडतो.

एका बापानं जावई म्हणून बघितलेल्या मुलाची चौकशी मला दिली होती. मी त्या गावच्या न्हाव्याकडे दाढीला बसलो आणि सहज म्हणालो, तो बँकेतला मुलगा तुमच्याच गावचा ना, माळ घातलेला, सुपारीसुद्धा खात नाही म्हणे. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "कोण, तो? अहो दादा, त्याला दर शनिवारी रिक्षावाले घरात उचलून ठेवतात." अर्धी दाढी तशीच, आणि माझं काम झालेलं.

गिऱ्हाइकंही एकेक. एक बाई आली, तिला स्वतःच्याच मुलाची चौकशी करून हवी होती. मी म्हणालो, बाय, तुझाच मुलगा, तुला माहीत नाही? म्हणाली, मला माहीत आहे, पण उद्या सुनेच्या माहेरचे म्हणायला नकोत की आईनं लपवलं. मी चौकशी करून आलो ते काही चांगलं नव्हतं. तिनं ते सगळं ऐकलं आणि स्वतः जाऊन मुलीच्या बापाला सांगून आली. लग्न मोडलं. त्या बाईला मी आजही रस्त्यात दिसली की मोपेड थांबवून नमस्कार करतो.

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगतो. बाळारामच्या पोराचं मी कोणाला सांगत नाही.

बाळाराम आतल्या गावचा. भाताची थोडी जमीन, आणि पोट भरायला पंचवीस वर्षं भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोडाऊनमध्ये हमाली; आता ती सोडून शेतीच बघतो. ओझं वाहून त्याची मान डाव्या बाजूला कललेली आहे. तो तुमच्याशी बोलतो तेव्हा तुमच्या खांद्याकडे बघतो असं वाटतं. त्याला एकच मुलगा, जयेश. तो जन्मला तेव्हा बाळारामनं देवासमोर शपथ घेतली की हा ओझं उचलणार नाही. पोरगा मोठा झाला तरी घरात त्याला पाण्याचा हंडा उचलू देत नसत. शेजारच्या बाया हसायच्या. पण पोरगा शिकला. बी.ए. झाला, एम.ए.ला गेला, शहरात हॉस्टेलवर राहायला लागला. शेवटच्या वर्षाला त्यानं घरी सांगितलं की मोठा अभ्यास आहे, महिना दीड महिना फोन बंद ठेवीन.

मग एक दिवस हॉस्टेलवरच्या मित्राचा फोन बाळारामला आला: काका, जयेश गावाहून कधी येणार, त्याचं कपाट रिकामं करायचंय. हॉस्टेलला त्यानं सांगितलं होतं गावी चाललो, आणि गावी सांगितलं होतं हॉस्टेलवर आहे. दोन खोट्या गोष्टी एकमेकींना भेटल्या आणि मधला मुलगा गायब.

चौकीवर नोंद झाली. सज्ञान मुलगा आहे, येईल, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. मग बाळाराम माझ्याकडे आला, पिशवीत पोराचा फोटो आणि दहावीपासूनच्या सगळ्या मार्कलिस्ट घेऊन. मार्कलिस्ट कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, "म्हंजे तुम्हाला कललं पायजे आप्पा, पोऱ्या कसा हाय माझा."

मी फोटो ठेवून घेतला, मार्कलिस्ट परत दिल्या आणि म्हणालो, बाळाराम, आठ दिवस. यात एक पोरगी असणार. ती सापडली की तो सापडला.

हे मी एवढ्या ठामपणे का बोललो, तर घरातून गेलेली तरणी पोरं मी शोधली होती त्यात बहुतेक वेळा असंच निघालं होतं. आणि मी एकदा बोललो की बोललो. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, तुमच्या डोक्यात एकदा शिरलं की बाहेर यायला दार नाही.

जयेशच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव मित्राकडून कळलं. मानसी. कल्याणची. मी कल्याणला गेलो, तिच्या बिल्डिंगखाली इस्त्रीवाल्याशी उभा राहिलो आणि माझं नेहमीचं हत्यार काढलं. म्हणालो, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं भिवंडीच्या मुलाशी ठरलं म्हणे. वॉचमनला तेच म्हणालो, दूधवाल्याला तेच म्हणालो. आणि दुरुस्त करायची वाट बघत बसलो.

कोणीच दुरुस्त केलं नाही. ते म्हणाले, हो का? असं आहे का? म्हणजे ती संध्याकाळी उशिरा येते ते त्यासाठी? चार दिवसांत ती गोष्ट सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरली आणि फिरून माझ्याकडेच पक्की होऊन आली. दूधवाल्यानं मला मुलाची जातसुद्धा सांगितली.

पाचव्या दिवशी दुपारी ती मुलगी विचारत विचारत कोनला आली. मी ओट्यावर बसलो होतो. चौकशीवाले तुम्हीच का, म्हणाली. हो म्हणालो, बस बाळ. ती बसली नाही.

"आजोबा, माझं लग्न तुम्ही ठरवलंत. आता मुलगा कुठे आहे तेवढंही सांगा."

मला आजोबा कोणी म्हणत नाही. मी म्हणालो, मुलगा तर मी तुझ्याकडेच शोधतोय.

"तुम्ही मला एकदा सरळ विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. माझं त्याचं काही नाही. तो कॉलेजात शेवटचा आला तेव्हा लायब्ररीची पुस्तकं परत करायला आला होता. हात असे झाले होते त्याचे." तिनं बोटांच्या मधली जागा दाखवली. "चिरलेले. मी विचारलं तर म्हणाला, अभ्यास चालू आहे."

घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं होतं. तेही तिनं सांगितलं, पण रडली नाही. जाताना म्हणाली, तुमच्या नातीच्या बाबतीत असं नका करू. मला नात नाही. पुढं त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं, असं त्याच इस्त्रीवाल्याकडून कळलं. हे वेगळं पान आहे आणि ते माझ्या नावावर आहे.

पण बोटांच्या मधली चीर मला कळली. खोक्यांना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी असते, ती पकडून खोकं उचललं की तिथंच चिरतं. हातमोजा असला तरी चिरतं. बापानं ज्याला हंडा उचलू दिला नाही, तो राहनाळला खोकी उचलत होता.

मी फोटो घेऊन राहनाळला गेलो. दोन दिवस गोडाऊन गोडाऊन फिरलो. जयेश नावाचा मुलगा, आतल्या गावचा, हा फोटो. वॉचमन म्हणाले नाही, हमाल म्हणाले नाही, मुकादम म्हणाले नाही. फोटो बघायच्या आधीच नाही म्हणत होते. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आलं नाही.

का यायला पाहिजे होतं, ते सांगतो. मी विशीत होतो तेव्हा लूमवर कायमची जागा नव्हती. हनीफ नावाचा एक कारीगर आजारी पडून मुलखाला, त्याच्या गावी गेला होता. त्याची जागा जाऊ नये म्हणून त्याच्या लूमवर त्याच्या नावानं मी उभा राहिलो. याला आमच्यात बदली म्हणतात. दोन वर्षं मी हनीफ होतो. शेठ हाक मारायचा हनीफ, मी म्हणायचो जी. सगळ्या खात्याला माहीत होतं आणि सगळं खातं गप होतं, कारण एकानं माझं खरं नाव घेतलं असतं तर हनीफही गेला असता आणि मीही. बाहेरचा माणूस नाव विचारत आला की आम्ही ऐकायच्या आधीच नाही म्हणायचो. तो मी, राहनाळला नाव विचारत फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी फोटो खिशात ठेवला आणि एका मोठ्या गोडाऊनसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. हमालांची एक टोळी चहा पीत होती. मी टपरीवाल्याला ऐकू जाईल असं म्हणालो, या हमालांत एकालाही स्वतःचं नाव लिहिता येत नाही, अंगठेबहाद्दर सगळे. टोळीतला एक जण उठलाच. "चाचा, ज़बान संभाल के. हमारा सुभाष अंग्रेज़ी में फ़ॉर्म भरता है. पूरे राहनाळ का भरता है." दुसऱ्यानं त्याच्या कोपराला धरून खाली बसवलं. पण माझं झालं होतं: इंग्रजीत फॉर्म भरणारा हमाल म्हणजे बाळारामचा पोरगा, दुसऱ्याच्या नावावर.

खरा सुभाष नांदेडकडचा, हे मागाहून कळलं. बायकोच्या बाळंतपणाला गावी गेलेला. इथं गेटपास बंद पडू नये म्हणून त्याच्या कार्डावर दुसरा उभा होता.

संध्याकाळी पाळी सुटली. टोळी बाहेर आली आणि मी ट्रकच्या आडोशाला जाऊन थांबलो. तो जवळ आल्यावर हळूच म्हणालो, सुभाष. तो थांबला. मग म्हणालो, बाळारामचा ना तू?

काळवंडला होता, दाढी वाढलेली, खांदा भरलेला. घाबरला नाही. माझ्या पायाच पडला आणि मग समोर उकिडवा बसला. त्यानं सगळं सांगितलं. त्याचा अभ्यासाचा विषयच हा होता, गोडाऊनमधली टोळी कशी चालते. पुस्तकात काही नाही म्हणून तो स्वतः आला. आधी टोळीला सांगितलं होतं, कोण आहे आणि काय लिहितोय ते. मुकादम रामअवधनं हो म्हटलं, वर सुभाषची जागा सांभाळायला दिली. म्हणजे त्यानं फसवलं होतं ते फक्त बापाला.

"बाबांना कळलं की मी ओझं उचलतो, तर ते मरतील. काका, बारा दिवस द्या. सुभाषभाऊ बाराव्या दिवशी येतोय. तो आला की मी सुटलो, वही पूर्ण झाली, मी स्वतः घरी जाऊन सांगतो. तुम्ही बाबांना एवढंच सांगा, बरा आहे, बारा दिवसांनी येतोय. कुठं आहे ते सांगू नका."

मी म्हणालो, बघतो.

आता खरं लिहायचं तर लिहितो. मी बघितलं नाही. तिथून मोपेड सरळ बाळारामच्या गावाला नेली. लोकांना मी तेव्हा सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं की गिऱ्हाइकाला खरं त्याच दिवशी द्यायचं हा माझा नियम आहे. नियम आहे, ते खरं. पण मी आठ दिवस म्हणालो होतो, आणि तो आठवा दिवस होता. मला शाबासकी ताजी हवी होती. बारा दिवसांनी पोरगा स्वतःच्या पायानं आला असता तर आप्पानं काय शोधलं? म्हणून जागा सांगितली आणि बारा दिवसांचं सांगितलंच नाही.

बाळारामची बायको माझ्या पाया पडली. पोरगा हमाली करतोय हे ऐकल्यावर बाळाराम मान आणखी वाकडी करून जमिनीकडे बघत राहिला.

सकाळी पाळीच्या वेळेला आम्ही गेटवर होतो. बाळाराम, त्याचा भाऊ आणि मी. मीच पुढं. ज्या गेटमधून बाळारामनं पंचवीस वर्षं आतबाहेर केलं, तेच गेट. आत ट्रक खाली होत होता. जयेश पाठीवर खोकं घेऊन फळीवरून उतरत होता. बाळारामनं ते बघितलं आणि ओरडला. जयेश. एकदा नाही, तीनदा.

सगळं थांबलं. पोरगा खोक्यासकट तसाच उभा. टोळीतल्या एकानंही मान वळवली नाही, सगळे खाली बघत होते. गेटवरच्या सिक्युरिटीनं हातातला कागद बघितला. म्हणाला, कोण जयेश? याचं नाव सुभाष आहे.

सुपरवायझर आला. कार्ड काढून घेतलं. मग सगळ्या टोळीची कार्डं आणि माणसं लावून बघितली. नऊ जणांत आणखी दोघं बदलीवरची निघाली. दुपारच्या आत रामअवधची अख्खी टोळी गेटच्या बाहेर होती.

मला वाटलं आता पोराला मारतील. कोणी हात लावला नाही. जयेशनं पिशवीतून वही काढली आणि रामअवधपुढं धरली. म्हणाला, यात तुमचंच लिहिलंय. रामअवधला वाचता येत नव्हतं. त्यानं पानं उलटली, सगळी उलटली, आणि वही स्वतःच्या गाठोड्यात ठेवली. "हमारा है, तो हमारे पास रहने दो." एवढं बोलून तो निघाला आणि मागं टोळी निघाली.

बाळारामनं पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून घरी नेलं. गावातले लोक बघायला जमले होते. माझं कौतुक झालं. त्या दिवशी मी दोन कप चहा प्यालो आणि दोन्ही गोड लागले, हेही लिहून ठेवतो.

तीन दिवस जयेश घरात बसून होता. जेवायचा, बोलायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी माणसं शेतावर गेली असताना गेला. फोन ठेवून गेला, चप्पलही जुनी घालून गेला. हॉस्टेलवर नाही, कॉलेजात नाही. अभ्यास वहीबरोबरच संपला होता.

बाराव्या दिवशी नांदेडहून सुभाष आला. राहनाळला गेला, तिथं जागा नाही, तिथून पत्ता काढत माझ्याकडे आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. मुलगी झाली होती. टोळीसाठी आणलेले. तो मला म्हणाला, "नाव घेऊन हाक मारायला बापाला आणणारे तुम्हीच का?" मग पुडा पुढं करून म्हणाला, घ्या, तुम्हीच खा, बाकीचं कोणी भेटलं नाही. मी तो घेतला नाही, म्हणून ओट्यावर ठेवून गेला.

बाळाराम परत आला ते दर रविवारी यायला लागला. मी पुन्हा शोधायला निघालो. या वेळी मला सगळं माहीत होतं, नाव विचारायचं नाही, फोटो दाखवायचा नाही. पण राहनाळला आता मला सगळे ओळखतात. मी टपरीवर बसलो की टपरी गप होते. मी चुकीचं बोललो तर कोणी दुरुस्त करत नाही, उठून जातात. कोनपासून पार हायवेपर्यंत गोडाऊन आहेत, लाखो खोकी, आणि त्यांतल्या एखाद्या फळीवर बाळारामचा पोरगा दुसऱ्या कोणाच्या नावानं चालतोय किंवा नाही. मला कळायला वाट नाही. एवढ्या वर्षांत मला न सापडलेला हा एकच, आणि तो एकदा सापडलेला.

दोन दिवाळ्या गेल्या. गेल्या महिन्यात रविवारी बाळाराम आला, नेहमीसारखा ओट्याच्या कडेला बसला. विचारलं, "काय खबर?" मी म्हणालो, न्हाय. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. आजारी होतो, ते असेल. म्हणालो, बाळाराम, त्यानं माझ्याकडे बारा दिवस मागितले होते. म्हणाला होता, बाबांना सांगा बरा आहे, बारा दिवसांनी माझा मी घरी येतो.

तो माझ्या खांद्याकडे बघत राहिला.

"बारा?"

"बारा."

"मना सांगायला सांगला व्हता?"

"हो."

"आन तुम्ही न्हाय सांगला."

"न्हाय."

रस्त्यावरून कंटेनर गेले, त्यांचा आवाज संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "पंचवीस वर्षं मी त्या गेटवर बसून ट्रकची वाट बघलीय, आप्पा. दोन दोन दिवस ट्रक यायचा न्हाय, तरी बसून. बारा दिवस मना काय जड व्हते?"

तो उठला. मी त्याला बस म्हणालो नाही.